उपग्रह आणि वाट

राहण्याची सोय असलेली मोठी गाडी घेऊन इंदूरचा सराफा पाहावयास निघालो, तर कोणते मार्गदर्शक यंत्र भरवशाचे मानावे? जीपीएसच्या किमान चार उपग्रहांचे संदेश पडताळून यंत्र आपले स्थान ठरविते; वाट मात्र त्यातील नकाशावरून काढली जाते. गाडीचे आकारमान यंत्रास ठाऊक नसेल, तर दिवसा सोन्याचांदीच्या व रात्री खाद्यपदार्थांच्या दुकानांनी गजबजणाऱ्या त्या अरुंद बाजारात ती अडकून पडेल. दाट इमारतींवरून परावर्तित झालेल्या संदेशांमुळेही स्थान चुकते. म्हणून गाडीची लांबी, रुंदी, उंची व वजन नोंदविता येईल आणि नकाशा वेळोवेळी अद्ययावत करता येईल, असेच यंत्र आम्ही निवडू. तरीही गाडी बाजाराबाहेर उभी करून सराफ्यात पायीच जावे, हे उत्तम.