पन्हळीमागील पाणी आणि घराची भिंत

लातूर व धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतील जुन्या माळवदाच्या घरांच्या दगडी भिंती बहुधा मातीत बांधलेल्या असत. छत गळू लागले की त्यावर मातीचा नवा थर पडे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात ही जड छते व कमकुवत भिंती कोसळून हजारो माणसे दगावली.

पत्र्याचे छप्पर हलके खरे. परंतु पन्हळीमागून पाणी झिरपल्यास मातीतील भिंत दुर्बळ होतेच. पत्र्याची कड आखूड असली, की पाणी तिच्या खालच्या अंगाला चिकटून मागे वळते आणि भिंतीचा माथा भिजवते.

यावर उपाय सोपा आहे. पत्रा पन्हळीत सुमारे ५ सेंटिमीटर पुढे यावा. तो आखूड असल्यास जस्ती पत्र्याची वाकविलेली पट्टी त्याखाली सरकवून तिचे टोक पन्हळीत सोडावे. पन्हळीची मागील कड पुढील कडेपेक्षा उंच ठेवावी. म्हणजे तुंबलेले पाणी अंगणात सांडेल, भिंतीत मुरणार नाही. मृगापूर्वी पालापाचोळा काढून, बादलीभर पाणी ओतून उतार तपासावा.

ग्रामपंचायतींनी या कामाचा आरंभ शाळा व अंगणवाडीपासून करणे हितावह ठरेल.