एकवीस वर्षांचा डिफेन्समन केवढ्याला पडतो?

२०१६ च्या जानेवारीत एनएचएल या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधल्या नॅशव्हिल प्रेडेटर्सने सेथ जोन्स हा एकवीस वर्षांचा डिफेन्समन कोलंबस ब्लू जॅकेट्सला दिला आणि त्याच्या बदल्यात रायन जोहानसन हा पहिल्या फळीतला सेंटर घेतला. एकास एक, वर काही नाही. साडेपाच वर्षांनी कोलंबसने जोन्सला शिकागोला पाठवलं, तेव्हा मुख्य मोबदला होता अ‍ॅडम बोकव्हिस्ट हा तरुण डिफेन्समन, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला बारावा क्रमांक आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड. ती पुढच्या वर्षीची निवड निघाली सहाव्या क्रमांकाची. कोलंबसने त्यावर डेव्हिड यिरिचेक हा अठरा वर्षांचा चेक डिफेन्समन घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिनेसोटाने यिरिचेकला उचललं, तेव्हा त्याचे एनएचएलमधले सामने पन्नासच्या आसपास होते. तरीही डेमन हंट हा खेळाडू, पहिल्या फेरीची एक निवड आणि पुढच्या फेऱ्यांच्या आणखी काही निवडी एवढं मिनेसोटाला मोजावं लागलं. मार्च २०२५ मध्ये खुद्द जोन्स फ्लोरिडाला गेला. शिकागोला स्पेन्सर नाइट हा गोलकीपर आणि पहिल्या फेरीची एक निवड मिळाली, पण जोन्सच्या पगारातले वर्षाला २५ लाख डॉलर शिकागोनेच भरायचे ठरले. त्याच जूनमध्ये फ्लोरिडाने स्टॅन्ली कप जिंकला.

या एका साखळीत तरुण डिफेन्समनच्या बाजाराचं जवळजवळ सगळं गणित आलं. टोरांटो, मिसिसागा किंवा न्यू जर्सीतल्या ज्या मराठी घरांत मुलं बर्फावरच्या हॉकीची वेडी झाली आहेत आणि आई-बाबा तिकिटांचे, जर्सीचे, चॅनेलच्या वर्गणीचे पैसे भरताहेत, तिथे मार्च आणि जून महिन्यांत एकच प्रश्न निघतो: आपल्या संघाने या पोरासाठी एवढं द्यायला हवं होतं का? उत्तर भावनेवर सोडू नये. हिशेब करता येतो.

बिलं तीन असतात

पहिलं बिल सगळ्यांना दिसतं: ट्रेडमध्ये काय दिलं. दुसरं बिल पगाराचं. तिसरं वेळेचं, आणि माझ्या मते सगळ्यात महाग तेच पडतं.

पगारापासून सुरुवात करू, कारण तिथले आकडे पक्के आहेत. ड्राफ्ट झालेल्या तरुणाचा पहिला करार बहुधा तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या मूळ पगाराला वरची मर्यादा असते. २०२२ आणि २०२३ च्या ड्राफ्टमधल्यांसाठी ती साडेनऊ लाख डॉलर होती, २०२४ आणि २०२५ च्यांसाठी ९ लाख ७५ हजार. बोनस वेगळा. उलट प्रस्थापित डिफेन्समन ८०-९० लाखांत खेळतो. २०२५-२६ मध्ये एका संघाची एकूण सॅलरी कॅप होती ९ कोटी ५५ लाख डॉलर. म्हणजे पहिल्या करारावरचा मुलगा रोज वीस मिनिटं नीट खेळला, तर संघाला कॅपच्या एका टक्क्यात पहिल्या चारांतला डिफेन्समन मिळतो. ट्रेडमध्ये जी किंमत मोजली जाते, ती मुख्यतः अशा उरलेल्या स्वस्त वर्षांची.

म्हणून वेळेच्या बिलातलं पहिलं घड्याळ कराराचं: तो किती उरलाय? अठरा किंवा एकोणीस वर्षांच्या मुलाने करार केला आणि त्या हंगामात एनएचएलमध्ये दहा सामने खेळले नाहीत, तर करार एक वर्ष पुढे सरकतो. तीन वर्षं तशीच शाबूत राहतात. त्या वयात एखाद्याला तयारी नसताना पंधरा-वीस सामने खेळवून संघ एक स्वस्त वर्ष जाळून टाकतो आणि बहुतेकदा पोराचा आत्मविश्वासही. मला या धंद्यातली ही सगळ्यात वाईट सवय वाटते.

दुसरं घड्याळ वेव्हरचं. ठरावीक मर्यादा ओलांडली की खेळाडूला खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवण्याआधी इतर सगळ्या संघांसमोर ठेवावं लागतं आणि कोणीही त्याला फुकट उचलू शकतं. अठराव्या वर्षी करार केलेल्यासाठी मूळ मर्यादा पाच हंगाम किंवा १६० सामने यांपैकी जे आधी येईल ते. ही तारीख जवळ आली आणि संघात जागा नसली की विकणाऱ्याचे हात बांधले जातात. खरेदीदाराने नेमकं तेव्हाच फोन करावा.

तिसरं घड्याळ मुक्त होण्याचं: वय २७ किंवा सात हंगाम. तोवर खेळाडू ‘रिस्ट्रिक्टेड’ असतो. दुसरा संघ त्याला ऑफर शीट देऊ शकतो, पण मूळ संघाला तेवढाच पगार देऊन त्याला राखता येतं. याचं उत्तम उदाहरण फिलिप ब्रोबर्ग. २०१९ च्या ड्राफ्टमधला आठवा, एडमंटनचा. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइसने त्याला दोन वर्षांसाठी दरवर्षी ४५,८०,९१७ डॉलर देऊ केले. हा आकडा अचानक आलेला नाही. भरपाई म्हणून फक्त दुसऱ्या फेरीची एक निवड द्यावी लागेल, अशा पायरीची ती वरची कड होती. एक डॉलर जास्त झाला असता, तर पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवडी द्याव्या लागल्या असत्या. कॅपमध्ये अडकलेल्या एडमंटनला सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. त्यांनी खेळाडू सोडला.

मोठ्या कराराचा आकडा ऐकून दचकण्याआधी तो कॅपशी ताडून पाहा. जोन्सचा शिकागोतला करार वर्षाला ९५ लाखांचा होता. जून २०२५ मध्ये नोआ डॉबसन मॉन्ट्रियलला गेला, तोही आठ वर्षं, वर्षाला ९५ लाखांवर. पण जोन्सचा करार लागू झाला तेव्हा कॅप ८ कोटी २५ लाख होती, म्हणजे त्याने साडेअकरा टक्के खाल्ले. डॉबसनचा हिस्सा पहिल्याच वर्षी दहा टक्क्यांच्या आत, आणि २०२६-२७ साठी कॅप १० कोटी ४० लाख ठरल्यामुळे तो नऊ टक्क्यांच्या आसपास येतो. आकडा तोच असला तरी दुसरा करार बराच स्वस्त आहे.

माल पाहताना

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेताना आपण जसा नकाशा, बिल्डरची जुनी कामं आणि ताब्याची तारीख पाहतो, तसंच इथे करावं लागतं. नुसता चकचकीत नमुना-फ्लॅट पाहून सही करू नये. डिफेन्समनच्या बाबतीत असा नमुना-फ्लॅट म्हणजे त्याचे गुण.

डॉबसननेच हे दाखवलं. २०२३-२४ मध्ये त्याचे गोल आणि असिस्ट मिळून ७० गुण होते, पुढच्या हंगामात ३९. खेळाडू एका उन्हाळ्यात अर्धा होत नाही. डिफेन्समनचे गुण पॉवर प्लेवर किती मिनिटं मिळतात, समोरचे फॉरवर्ड किती अचूक मारतात, यावर फार हलतात. तरुणाची पारख करताना आधी पाचास पाच खेळतानाचे गुण वेगळे काढा. प्लस-मायनस हा आकडा तर मी पाहतच नाही. त्यात निम्मं कर्तृत्व गोलकीपरचं असतं.

मग पाहायचं काय? एक गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन: पक आपल्या गोलमागे आलाय, प्रतिस्पर्धी अंगावर धावून येतोय, अशा वेळी पोरगा काय करतो. चांगला डिफेन्समन पकपाशी पोचण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे नजर टाकतो. कोण कुठे आहे हे त्याला पक मिळण्याआधीच ठाऊक असतं, त्यामुळे पहिला पास लगेच निघतो. कच्चा खेळाडू आधी पक घेतो, मग वर बघतो. तोवर तो बोर्डवर दाबला गेलेला असतो. पुढे त्याला पास सुचत नाही आणि तो पक काचेवरून बाहेर भिरकावतो. ज्युनियर हॉकीत निव्वळ वेगावर हे लपतं. एनएचएलमध्ये लपत नाही. एका सामन्यात असे आठ-दहा प्रसंग येतात. घरी टीव्हीसमोर बसून वहीत टिपता येतात. पुढच्या महिन्यात पुन्हा टिपा आणि ताडून पाहा. विकास खरोखर होतोय का, हे यातून इतर कशाहीपेक्षा लवकर कळतं.

दुसरी जागा निळी रेषा. समोरून येणारा फॉरवर्ड रेषा ओलांडतो, तेव्हा आपल्या खेळाडूचं त्याच्यापासूनचं अंतर किती? घाबरलेला तरुण मागे-मागे सरकत थेट गोलपाशी जातो. तयार झालेला रेषेवरच उभा ठाकतो आणि वळायची वेळ आली तर कमरेतून दोन्ही बाजूंना सहज वळतो. अनेकांना एकाच बाजूला नीट वळता येतं, आणि प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना ते पंधरा दिवसांत समजतं.

मग मिनिटं. एकूण किती यापेक्षा कोणती हे महत्त्वाचं. एका गोलची आघाडी आणि शेवटची दोन मिनिटं असताना प्रशिक्षक त्याला बर्फावर ठेवतो का? समोरच्या संघाच्या पहिल्या फळीविरुद्ध तो खेळतो की तिसऱ्या? जोडीदार कोण? बुजुर्ग, भक्कम जोडीदाराच्या सावलीत तरुणाचे आकडे गोंडस दिसतात. जोडी तुटल्यावर काय झालं ते शोधा. यासाठी नॅचरल स्टॅट ट्रिक हे संकेतस्थळ फुकट आहे, वेगाचे आकडे लीगच्याच एनएचएल एजवर मिळतात आणि करारांची सगळी कुंडली पकपीडियावर.

उंची आणि ड्राफ्टचा क्रमांक यांना मी बाजारापेक्षा कमी भाव देतो. लेन हटसन पाच फूट नऊ इंचांचा, २०२२ मध्ये ६२ वा निवडला गेला; २०२५ मध्ये सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी त्याने घेतली. झ्डेनो चारा सहा फूट नऊ इंचांचा, १९९६ मध्ये ५६ वा. न्यूयॉर्क आयलँडर्सने त्याला २००१ मध्ये ओटावाला दिलं आणि २००९ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला. प्रशिक्षक म्हणतात की डिफेन्समन समजायला दोनशे-तीनशे सामने लागतात. म्हणजे तीन-चार हंगाम. इतका धीर बहुतेक व्यवस्थापकांकडे नसतो, आणि स्वस्त खरेदीची संधी तिथूनच निघते. क्रिस प्राँगर १९९३ चा दुसरा क्रमांक. दोनच हंगामांनी हार्टफर्डने त्याला सेंट लुइसला देऊन ब्रेंडन शॅनहॅन घेतला. २००० मध्ये प्राँगर संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डिफेन्समनला तो मान १९७२ च्या बॉबी ऑरनंतर प्रथमच मिळत होता.

दुखापतीची चौकशी मात्र कसून करावी. जेमी ड्रायस्डेल, २०२० चा सहावा, जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅनाहाइमहून फिलाडेल्फियाला गेला. आदल्या पूर्ण हंगामात खांद्याच्या दुखापतीमुळे त्याचे फक्त आठ सामने झाले होते. बोवेन बायरमला डोक्याच्या दुखापतींचा इतिहास होता. मोडलेलं हाड भरून येतं. खांदा आणि डोकं यांचा धोका वर्षानुवर्षं राहतो, म्हणून तिथे किंमत कमी करून मागायलाच हवी.

चालू भाव

बाजारात चार प्रकारचे सौदे दिसतात. वरच्या क्रमांकाचा तरुण डिफेन्समन द्या आणि तरुण फॉरवर्ड घ्या: ड्रायस्डेल आणि दुसऱ्या फेरीची निवड देऊन अ‍ॅनाहाइमने कटर गोतिये घेतला, मार्च २०२४ मध्ये कोलोरॅडोने बायरम देऊन केसी मिटेलस्टॅट. २०१७ मध्ये मॉन्ट्रियलने मिखाइल सर्गाचेव्ह देऊन टँपाकडून जोनाथन ड्रुआँ घेतला, आणि पुढे टँपाने सर्गाचेव्हसह २०२० आणि २०२१ चे दोन कप जिंकले. या प्रकारात मी बहुतेक वेळा डिफेन्समन घेणाऱ्याच्या बाजूने असतो, कारण फॉरवर्डची झलक एकवीस-बावीसपर्यंत दिसलेली असते, तर डिफेन्समनची वाढ अजून बाकी असते.

दुसरा प्रकार निवडींच्या बदल्यात: डॉबसनसाठी १६ वा आणि १७ वा क्रमांक व एमिल हाइनमन, जुलै २०२५ मध्ये के’आंद्रे मिलरसाठी कॅरोलिनाने पहिली फेरी, दुसरी फेरी आणि स्कॉट मॉरो. दोघेही पंचविशीचे. या वयात स्वस्त वर्षं संपलेली असतात, त्यामुळे ट्रेडची किंमत आणि पगार ही दोन्ही बिलं एकदमच भरावी लागतात.

तिसरा प्रकार गरजेचा भाव. २०१६ मध्ये एडमंटनने टेलर हॉल दिला आणि न्यू जर्सीकडून फक्त अ‍ॅडम लार्सन घेतला. दोनच वर्षांत हॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. लार्सन वाईट नव्हता, भक्कम होता. पण एडमंटनला उजव्या हाताचा डिफेन्समन हवाच होता आणि तसे कमी असतात. जोन्स, लार्सन, डॉबसन, ड्रायस्डेल, यिरिचेक हे सगळे उजवे. दुसऱ्या फेरीच्या एका निवडीत सुटलेला ब्रोबर्ग डावा. आपल्या संघाकडे उजवे दोन असतील तर तिसऱ्यासाठी हा जादा भाव देऊ नये.

चौथ्या प्रकारात खेळाडू स्वतः भाव ठरवतो. अ‍ॅडम फॉक्स २०१६ मध्ये ६६ वा निवडला गेला, हार्वर्डमध्ये शिकला आणि न्यूयॉर्कजवळ वाढला होता. कॉलेजचा खेळाडू करार न करता थांबला तर काही वर्षांनी मोकळा होतो. हे ठाऊक असलेल्या कॅरोलिनाने २०१९ मध्ये त्याचे हक्क न्यूयॉर्क रेंजर्सना विकले ते दुसऱ्या फेरीच्या एका निवडीवर आणि तिसऱ्या फेरीच्या अटीच्या निवडीवर, जी पुढे दुसऱ्या फेरीची झाली. दोन वर्षांनी फॉक्स लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन होता. म्हणून कॉलेजच्या मुलाचं नाव ट्रेडमध्ये आलं की तो कुठल्या गावचा आणि कोणत्या वर्षात शिकतोय, हे आधी पाहा.

वेळेबद्दल शेवटचं. मार्चच्या सुरुवातीच्या ट्रेडच्या अंतिम मुदतीला कप जिंकू पाहणारे संघ घाईत असतात आणि पहिल्या फेरीच्या निवडी सढळ हाताने देतात. तेव्हा आपल्या संघाने तरुण डिफेन्समन विकावा, घेऊ नये. घ्यायची वेळ जूनअखेरच्या ड्राफ्टपासून १ जुलैच्या मुक्त बाजारापर्यंतची, आणि त्यानंतरची ऑगस्टची, जेव्हा कॅपमध्ये अडकलेले संघ उघडे पडतात. सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या सामूहिक करारात स्वतःच्या खेळाडूशी आठऐवजी सातच वर्षांचा आणि बाहेरच्याशी सहा वर्षांचा करार करता येतो. त्यामुळे चोविशीच्या डिफेन्समनला कराराची वाढीव वर्षं देऊन वार्षिक पगार खाली आणण्याची सोय आक्रसली आहे. यापुढच्या सौद्यांत दुसरं बिल थोडं चढंच येईल, हे धरूनच पहिल्या बिलावर घासाघीस करायला हवी.