घाम, पकड आणि स्वच्छता : योगासनांसाठी मॅट कशी निवडावी?

मधुमेह, रक्तदाब अथवा पाठदुखी असलेल्यांस वैद्यकीय सल्ल्याने योगासने सुचविली जातात, आणि लगेच प्रश्न येतो : मॅट कोणती घ्यावी? प्रश्न साधा वाटतो. परंतु घामाने निसटलेल्या तळव्यामुळे मनगट दुखावते, आणि उतारवयात एकदाच पाय घसरल्याने खुब्याचे हाड मोडू शकते. म्हणून या विषयाचा थोडा विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आसन ते मॅट

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात दर्भ, मृगाजिन व वस्त्र यांचे आसन सांगितले आहे. ते ध्यानासाठी स्थिर बसावयाचे आसन होय. उभ्याने करावयाच्या आसनांत हातापायांवर भार येतो. तेथे पकड महत्त्वाची ठरते. आजच्या चिकट मॅटचा उगम युरोपात, गालिचा सरकू नये म्हणून त्याखाली घालावयाच्या अस्तरापासून झाला. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतील साधकांमुळे तिचा प्रसार झाला.

घाम आला की पकड कशी टिकवावी, हे आपल्या कोल्हापूरच्या तालमींना नवे नाही. हौद्यातील तांबडी माती अंगाला लावली की ती घाम शोषते आणि मल्लाची पकड बसते. मॅट निवडतानाही हेच तत्त्व लागू पडते : पृष्ठभागाने घाम शोषावा, किंवा ओला असतानाही धरून ठेवावे.

कोणती वस्तू कशी वागते?

*पीव्हीसी* : स्वस्त व टिकाऊ. मात्र ती घाम शोषत नाही. थेंब वर साचतात व हात सरकतो. नव्या मॅटवरील बुळबुळीत थर काही वेळा पुसल्यावर कमी होतो. जास्त घाम येणाऱ्यांनी तिच्यावर सुती पंचा अंथरला तरी तोही सरकतो, हे ध्यानात घ्यावे.

*फोमची जाड मॅट* : गुडघ्यांना मऊ लागते, परंतु उभ्या आसनांत पाय रुततो व तोल जातो. वृद्धांनी तिच्यावर उभी आसने टाळावीत.

*नैसर्गिक रबर* : पकड उत्तम, पण वजन जास्त. उन्हात ठेवल्यास ते चिरते. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी वापरू नये. वर पॉलियुरेथेनचा थर असलेली रबरी मॅट थोडा घाम शोषते व ओली असताना चांगली धरते. किंमत मात्र अधिक.

*बूच* : किंचित ओलसर झाल्यावर पकड वाढते, अगदी कोरडे असताना कमी असते. प्रारंभी पाण्याचा हलका शिडकावा करावा.

*सुती सतरंजी* : घाम शोषते, धुता येते, आणि ओलसर झाल्यावर हात घट्ट बसतो. दोष एवढाच की गुळगुळीत फरशीवर ती स्वतः सरकते. म्हणून खाली पातळ रबरी मॅट हवीच. सर्वसाधारण कुटुंबासाठी ही जोडी आम्हांस सर्वांत योग्य वाटते.

घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर

दुकानात मॅट कोरड्या हाताने तपासू नये. तळहात ओला करून दाबून सरकवून पाहावा. उभ्या आसनांस चार ते सहा मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. हातापायांस तेल किंवा मलम लावून आसने करू नयेत. कोणतीही मॅट मग निसरडी होते.

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा दमट असते. घाम वाळत नाही, आणि मॅटही वाळत नाही. ओलसर मॅट गुंडाळून ठेवल्यास तिला बुरशी व दुर्गंधी येते. प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवावी. सतरंजी साबणाने धुवावी. गजकर्णासारखे त्वचाविकार सामायिक वस्तूंतून पसरू शकतात, म्हणून प्रत्येकाचे अंथरूण स्वतंत्र असावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी भिंतीच्या आधारानेच उभी आसने करावीत, कारण पाय सरकल्याचे त्यांना उशिरा कळते.

देणगीदारांस विनंती

योगवर्गास मॅट भेट देऊ इच्छिणाऱ्यांनी चकचकीत जाड मॅटऐवजी सुती सतरंज्या व खाली घालावयाच्या पातळ रबरी मॅट द्याव्यात. धुता येणारी आणि घामात न निसटणारी वस्तू दिसावयास साधी असली, तरी ती रुग्णास दीर्घकाळ उपयोगी पडते.