दोन वास्तुशिल्पी आणि एक हायवे

मित्रांनो, स्पर्धा म्हटली की आपल्या होस्टेलमध्ये काय आठवतं? मार्क्स, कॅम्पस, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री लपवून ठेवलेल्या नोट्स! पण मैत्री सांभाळूनही स्पर्धा करता येते. बाळकृष्ण दोशी आणि चार्ल्स कोरिया या दोन वास्तुशिल्पींबद्दल वाचताना मला हे पटलं.

दोशींचा जन्म १९२७ चा, पुण्याचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, मग पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे उमेदवारी आणि शेवटी अहमदाबादला मुक्काम. कोरिया १९३० चे, जन्म सिकंदराबादचा, शिक्षण मुंबई व अमेरिकेत, कर्मभूमी मुंबई. एकच पिढी, एकच क्षेत्र, म्हणजे तुलना होणारच. त्यात कोरियांनी दोशींच्याच अहमदाबादेत साबरमती आश्रमाचं गांधी संग्रहालय बांधलं (१९६३)!

पुढे दोघांनी एकच अवघड पेपर सोडवला: कमी पैशात घर कसं द्यायचं? गंमत म्हणजे आपल्या धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रोड या दोन्ही उत्तरांना जोडतो. एकीकडे नवी मुंबईतलं बेलापूर, दुसरीकडे इंदूरची अरण्य वसाहत.

बेलापूरला (१९८३-८६) कोरियांनी घरं सुटी ठेवली. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे वाढवताना भांडण नाही. सात घरांच्या मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. आकाशाखालची मोकळी जागा हीसुद्धा एक खोलीच, असं ते मानत. धाब्याच्या घरावर किंवा अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या खान्देशी माणसाला हे वेगळं शिकवायला नको. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा खोलीपेक्षा अंगणच बरं!

अरण्यमध्ये दोशींनी सुमारे ८५ हेक्टरवर साडेसहा हजार घरांची आखणी केली. सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं, संडास-बाथरूम आणि एखादी खोली. बाकीचं घर ज्याचं त्याने, पैसे जमतील तसं बांधायचं. शिवाय गरीब आणि सुखवस्तू यांचे प्लॉट एकाच वसाहतीत. या कामाला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला.

मग जिंकलं कोण? बेलापूरला अनेकांनी मूळ कौलारू घरं पाडून काँक्रीटची बांधली. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. घर बदलणार हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. आपण सिव्हिलवाल्यांनी यातून एक गोष्ट शिकावी. भिंत उद्या पाडता येते; पण रस्ता, ड्रेनेज, जोतं आणि मोकळी जागा एकदा चुकली की पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागते. म्हणून जे बदलणार नाही, त्यावर सगळ्यात जास्त डोकं लावायचं.

मनाचा मोठेपणा मात्र दोशींच्या आणखी एका गोष्टीत दिसतो. अहमदाबादच्या आय. आय. एम. चं काम त्यांना स्वतःला मिळू शकत होतं. त्यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या लुई कान यांचं नाव सुचवलं आणि स्वतः त्यांच्यासोबत काम केलं. ज्याच्याकडून शिकायचं, त्यालाच आपल्या गावात आणायचं! आपल्यापैकी किती जण असं करतील?

मानसन्मानाचा हिशोब तर कधी जुळतच नाही. ब्रिटनचं रॉयल सुवर्णपदक कोरियांना १९८४ मध्ये मिळालं, दोशींना तब्बल ३८ वर्षांनी, २०२२ मध्ये. प्रिट्झकर पुरस्कार दोशींना २०१८ मध्ये मिळाला. कोरियांना तो कधीच मिळाला नाही, ते २०१५ मध्येच गेले. २०२३ मध्ये दोशीही गेले. दोघांच्या वसाहतींत आजही संसार चालू आहेत, आणि तिथल्या लोकांना पदकांशी काही देणंघेणं नाही.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत धुळ्याहून इंदूरची गाडी पकडा, नंतर कधीतरी बेलापूरही बघा. सोबत तो मित्र न्या, ज्याचे मार्क्स तुमच्यापेक्षा जास्त आहेत. वाटेत भरपूर वाद घाला. अभ्यास त्यातच होतो!