हिंट लिहिणारा जातो, निस्तरावं आपल्याला लागतं

"सर्व्हर जुना झालाय, नवा घ्या." सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचं हे एकच पालुपद. पतसंस्थेची मार्चअखेर, ऑडिटर समोर बसलेले आणि केडगाव शाखेची खतावणी निघता निघेना. कंपनीचा माणूस फोन उचलेना, म्हणून बोलणी मी खाल्ली. नव्या सर्व्हरचं कोटेशन मात्र तातडीने आलं.

शेवटी मीच क्वेरीला एक्सप्लेन लावला. हव्या होत्या एका शाखेच्या नोंदी, पण मायएसक्यूएल सगळ्या शाखांचं वर्ष उपसत होतं. शाखा आणि तारीख मिळून केलेला इंडेक्स टेबलावर होता, तोही याच कंपनीने केलेला. तरी संभाव्य इंडेक्सच्या रकान्यात त्याचं नावच नाही. तिथे एकटा तारखेचा जुना इंडेक्स. क्वेरी उघडली तर आत तोच इंडेक्स वापरायला लावणारी हिंट, 'फोर्स इंडेक्स'. संस्थेची एकच शाखा होती तेव्हा कुणीतरी लिहून ठेवलेली. चाचणीच्या डेटाबेसवर तेवढे शब्द काढले आणि खतावणी लगेच आली. कंपनीला दाखवलं तर उत्तर काय? "ते ऑप्टिमायझेशन आहे, हात लावू नका." हे वाक्य अजून सलतं.

आकडेवारी पाहून सर्वांत स्वस्त वाट निवडायची, हे काम आयबीएमच्या सिस्टम आर प्रकल्पाने १९७९ मध्येच ऑप्टिमायझरकडे सोपवलं. पोस्टग्रेसच्या मूळ प्रणालीत आजही ऑरॅकलसारख्या हिंट नाहीत. हव्या असतील तर वेगळं एक्स्टेंशन बसवावं लागतं. एवढं ताठर असू नये, असं माझं मत. ऑप्टिमायझरचे अंदाज चुकतात आणि अडल्या वेळी हिंटच तारते. पण तिची मुदत ठरलेली हवी.

म्हणून सांगतो:

• हिंट लिहिण्याआधी ॲनालाइझ टेबल चालवा. अनेकदा दुखणं शिळ्या आकडेवारीत असतं.

• हिंटशेजारी कारण, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव टाका.

• शाखा वाढली, नवा इंडेक्स आला, आवृत्ती बदलली की हिंट काढून पुन्हा मोजा. मायएसक्यूएल ८.०.१८ पासून एक्सप्लेन ॲनालाइझ प्रत्यक्ष लागलेला वेळ दाखवतो.

• जुना इंडेक्स काढण्याआधी त्याचं नाव सगळ्या क्वेऱ्यांत शोधा. फोर्स केलेला इंडेक्स सापडला नाही की मायएसक्यूएल एरर देऊन थांबतं. ऑरॅकलमध्ये उलटं: चुकलेली हिंट तो गुपचूप सोडून देतो, आणि तुम्ही ती चालतेय या भ्रमात.





आणि करार करताना क्वेरी पाहण्याचा व बदलून घेण्याचा हक्क लेखी घ्या. जो विक्रेता हा हक्क देत नसेल, त्याच्याकडून सॉफ्टवेअर घेऊच नका.