झेनॉन दिवा पेटत नाही तेव्हा

चित्रपटाच्या प्रक्षेपकात पूर्वी कार्बनच्या दोन कांड्यांमधील प्रज्योत प्रकाश देत असे. कांड्या क्षणभर एकमेकींना टेकवून दूर केल्या की ज्योत पेटे. त्यात दडलेले असे काही नव्हते. १९५० नंतरच्या दशकात झेनॉन वायूचा दिवा प्रक्षेपणासाठी वापरात आला आणि हळूहळू त्याने कार्बनची जागा घेतली. या दिव्यातील दोन्ही अग्रे क्वार्ट्‌झच्या जाड फुग्यात कायमची बंदिस्त असतात. ती एकमेकांना टेकवता येत नाहीत. म्हणून पेटवण्याचे काम विजेलाच करावे लागते, आणि दिवा पेटला नाही तर दोष कोठे आहे हे सहज दिसत नाही. प्रेक्षक अंधारात खोळंबलेले असताना यंत्रचालक बहुधा प्रथम दिवाच बदलून पाहतो. हा उपाय सर्वांत महाग, सर्वांत धोक्याचा आणि पुष्कळदा निरुपयोगी असतो.

दोन हजार वॅटचा दिवा पेटल्यानंतर सुमारे २५ व्होल्ट दाबावर ७० ते ८० अँपिअर एकदिश प्रवाह घेतो. हा प्रवाह रेक्टिफायर पुरवतो. परंतु थंड झेनॉनमधून एवढ्या अल्प दाबाने प्रवाह वाहत नाही. त्यासाठी इग्निटर, म्हणजे प्रज्वलक, क्षणभर वीस हजार व्होल्टहूनही अधिक दाबाचा स्पंद दिव्यावर सोडतो. वायूचे आयनीभवन होऊन अग्रांमध्ये ठिणगीची बारीक वाट तयार होते. ही वाट मिटण्यापूर्वी रेक्टिफायरने तिच्यातून प्रवाह लोटला पाहिजे. म्हणून दिवा पेटण्याआधी रेक्टिफायरचा दाब नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट असावा लागतो. ठिणगी एकाने पाडायची आणि ज्योत दुसऱ्याने धरायची, अशी ही कामाची वाटणी आहे. ती ध्यानात घेतली की निम्मा शोध संपतो.

बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, तर दिव्याचा विचार करण्याचे कारण नाही. दीपगृहाचे दार नीट न लागल्यास किंवा थंड हवेचा पंखा न फिरल्यास सुरक्षा-स्विच प्रज्वलकाला वीज मिळू देत नाहीत. ते व प्रज्वलकाचा फ्यूज तपासावा. आवाज येतो पण दिव्यात काहीच चमकत नाही, तेव्हा ठिणगी बहुधा भलतीकडे उडत असते. वीज तोडून, सर्व थंड झाल्यावर, जाड तारेच्या आवरणावर काळे ओरखडे आहेत काय ते पाहावे. पावसाळ्यात ओलसर धूळही ही वाट काढून देते.

सर्वांत फसवा प्रकार तिसरा : दिवा चमकतो आणि विझतो. येथे प्रज्वलकाने आपले काम केलेले असते. दोष बहुधा रेक्टिफायरकडे असतो. त्याचा बिनभाराचा दाब मोजावा, मात्र प्रज्वलकाची वीज आधी तोडून. नाहीतर उच्च दाबाचा स्पंद मापकाचा आणि मापणाऱ्याचाही घात करील. त्रिकला पुरवठ्याच्या तीनपैकी एक फ्यूज गेला असला तरी दाब उतरतो. आरंभीचा जोर देणारी धारित्रे निकामी झाल्यासही ठिणगीमागे प्रवाह वेळेवर पोहोचत नाही. सैल जोड तर नेहमीचाच अपराधी. एक दशांश ओहम हा रोध नगण्य वाटतो. पण ८० अँपिअरला तेथे ८ व्होल्ट गळतात, म्हणजे दिव्याच्या गरजेच्या जवळजवळ एक तृतीयांश. असा जोड तापून काळवंडलेला आढळतो. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबत राहणे ही वाईट सवय होय. प्रत्येक प्रयत्नात ऋणाग्राचे टोक थोडे झिजते आणि चांगला दिवाही वायफळ म्हातारा होतो.

एवढे निर्दोष ठरले तरच दिव्याकडे वळावे. टोक बोथट झाले असेल, फुगा आतून काळवंडला असेल आणि वापराचे तास भरले असतील, तर तो बदलणे भाग आहे. थंड दिव्यातही वायूचा दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. फुगा फुटला तर काचेचे तुकडे गोळीसारखे उडतात. तोंडावर जाळी किंवा ढाल आणि हातांत जाड मोजे घातल्यावाचून दार उघडू नये. नवा दिवा बसवताना अणकुचीदार ऋणाग्र रेक्टिफायरच्या ऋण टोकालाच जोडल्याची खात्री करावी. जोडणी उलटी झाल्यास ते काही क्षणांतच वितळू लागते. क्वार्ट्‌झला बोट लागले असल्यास तो डाग दिवा पेटवण्यापूर्वी अल्कोहोलने पुसून काढावा. उष्णतेने तो काचेत कायमचा भाजला जातो.