दूरदर्शनसाठी वेगळा कर भरतो का?

प्रश्न : आमच्या घरी दूरदर्शन कोणी पाहत नाही. तरी केबलच्या बिलात त्याचा कर द्यावा लागतो. तो बंद करता येईल का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : काका, काळजी नसावी. असा वेगळा कर नाहीच. रेडिओ-टीव्हीचा परवाना १९८० च्या दशकातच रद्द झाला. बिलावरचा १८ टक्के जीएसटी सर्वसाधारण तिजोरीत जातो. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला केंद्राच्या अर्थसंकल्पातून अनुदान मिळतं. जाहिराती आणि फ्री डिश या तिच्या मोफत डीटीएच सेवेवरच्या वाहिन्यांच्या जागांचा लिलाव ही तिची स्वतःची कमाई.

हे अनुदान मला योग्य वाटतं. वादळाचा इशारा कोकणातल्या मच्छीमारापर्यंत आकाशवाणी पोचवते. त्यातून नफा मिळत नाही, म्हणून ते काम बाजारावर सोडता येत नाही. मात्र पैसा जनतेचा, तर वाहिनीही जनतेचीच हवी, सत्ताधाऱ्यांची नव्हे. १९९० चा प्रसार भारती कायदा स्वायत्ततेसाठीच झाला. खर्चाबद्दल शंका असेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात जरूर विचारा.

केबलचा खर्च जड होत असेल तर फ्री डिश घ्या. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा. त्यासाठी कोणी दरमहा रिचार्ज मागितला तर देऊ नका.